पहाटे तीनची पाळी आणि अलीकडचे पाच किलोमीटर : वाटेतल्या अपघाताच्या भरपाईचं एक प्रकरण

एका साखर कारखान्याचा वॉचमन २२ एप्रिल २००३ रोजी मोटारसायकलवरून कामाला निघाला. पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. कारखाना पाच किलोमीटरवर राहिला असताना अपघात झाला आणि त्यात तो गेला. मागे पत्नी, चार मुलं आणि आई. कुटुंबाने तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, कामगार नुकसानभरपाई आयुक्तांपुढे दावा लावला. त्या दाव्यावरचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून आला २९ जुलै २०२५ रोजी. बावीस वर्षं आणि तीन महिने.

वाद पैशांच्या आकड्याचा नव्हता. नोकरी होती, पाळी होती, मृत्यू अपघाती होता, विमाही होता. प्रश्न एकच होता : माणूस कामावर नेमका कधी असतो? फाटकातून आत पाऊल टाकल्यावर, की कामासाठी घराबाहेर पडल्यावर?

हे प्रकरण उलगडून पाहण्याचं कारण असं की असे मृत्यू आपल्याकडे रोज होतात आणि बहुतेक कुटुंबांना दावाच लावता येतो हे माहीत नसतं. ‘कारखान्याच्या आवारात झालं असतं तर काही करता आलं असतं,’ असं कोणीतरी तेराव्याच्या आतच सांगून टाकतं, आणि विषय तिथेच संपतो.

दावा कोणत्या कायद्याखाली

खाली दिलेले दोन्ही कायदे २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या अपघातांना लागतात; त्यानंतरचं शेवटी पाहू. कारखान्यातल्या कामगाराला अपघात झाला की पहिली आठवण येते ती ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यांना कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ लागू होतो, आणि सध्या दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे त्यात येतात. पण त्या कायद्यातून ‘हंगामी कारखाने’ वगळलेले आहेत आणि त्यांच्या व्याख्येत कापूस जिनिंग, चहा, कॉफी, रबर यांच्याबरोबर साखर आणि गूळ यांची नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. त्यामुळे ऊसपट्ट्यातला मोठा कामगारवर्ग ईएसआयच्या छत्राबाहेर राहतो. त्याच्यासाठी उरतो तो १९२३ चा कायदा. मूळ नाव कामगार नुकसानभरपाई कायदा. २००९ च्या दुरुस्तीनंतर कर्मचारी नुकसानभरपाई कायदा.

दोन कायद्यांतला फरक कुटुंबाला जाणवेल असा आहे. ईएसआयमध्ये आश्रितांना दरमहा रक्कम मिळते. १९२३ च्या कायद्यात एकदाच ठोक रक्कम मिळते आणि ती मालकाने भरायची असते. मालकाने विमा उतरवला असेल तर विमा कंपनी भरते. मालकाची चूक होती का, हे इथे विचारलं जात नाही. मृत्यू झाला असेल तर कामगाराची स्वतःची चूक होती, हा बचावही चालत नाही. दारू प्यायला होता, सुरक्षेचे नियम मोडले, या सबबी मृत्यूच्या आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणांत कायद्यानेच बाद केलेल्या आहेत. हे कुटुंबाला सांगणारं कोणी भेटत नाही, म्हणून इथे ठासून लिहीत आहोत.

३,२६,१४० रुपये कुठून आले

आयुक्तांनी २६ जून २००९ रोजी ३,२६,१४० रुपये मंजूर केले, वर २२ मे २००३ पासून १२ टक्के व्याज. हा आकडा अंदाजाने ठरलेला नाही. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र असं : मासिक पगाराचे ५० टक्के गुणिले वयानुसारचा गुणक. गुणकाचा तक्ता कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे. वय जितकं कमी तितका गुणक मोठा, कारण हिरावलेली कमाईची वर्षं जास्त. तीस वर्षांना २०७.९८, चाळिशीला १८४.१७, पन्नाशीला १५३.०९.

३,२६,१४० ला २,००० ने, म्हणजे ४,००० च्या निम्म्याने भागा; येतात १६३.०७. तक्त्यात हा गुणक ४७ वर्षांचा आहे. म्हणजे वय ४७ आणि पगार ४,००० धरला गेला. या ४,००० मध्ये एक मेख आहे. २००३ मध्ये कायद्यानेच पगाराची कमाल मर्यादा ४,००० घातलेली होती. खरा पगार सहा हजार असला तरी गणित चार हजारांवरच व्हायचं. ही मर्यादा ३१ मे २०१० पासून ८,००० झाली आणि ३ जानेवारी २०२० पासून १५,०००. त्याच वयाच्या, १५,००० किंवा जास्त पगार असलेल्या माणसाचा मृत्यू २०२० नंतर झाला असता तर रक्कम झाली असती ७,५०० गुणिले १६३.०७, म्हणजे १२,२३,०२५ रुपये.

वाढलेली मर्यादा जुन्या अपघाताला लागत नाही. भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच तयार होतो आणि रक्कम त्या दिवशीच्या कायद्याने ठरते. मग निकाल वीस वर्षांनी लागो. या कुटुंबाच्या हाती महागाईची झीज भरून काढणारं एकच साधन होतं, ते म्हणजे व्याज.

व्याज २२ मे पासून का? कलम ४-अ सांगतं की भरपाई देय झाल्यापासून एका महिन्यात ती भरली पाहिजे. नाही भरली तर १२ टक्के सरळ व्याज. अपघात २२ एप्रिलचा, महिना संपला २२ मेला. वर्षाला व्याज होतं ३९,१३६ रुपये ८० पैसे. मधल्या काळात एकही रुपया भरला गेला नसता, तर जुलै २०२५ अखेरपर्यंत नुसतं व्याजच सुमारे ८ लाख ६८ हजार झालं असतं, मुद्दलाच्या अडीचपटीहून जास्त. आणि तरीही मुद्दल आणि व्याज मिळून बेरीज १२ लाखांच्या आतच राहते. बावीस वर्षं थांबूनही, आज घडलेल्या तशाच मृत्यूच्या भरपाईपेक्षा कमी.

विलंब समर्थनीय नसेल तर मुद्दलाच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो. तो लावण्याआधी मालकाला कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. व्याज विमा कंपनीवर पडतं, दंड मात्र मालकाच्याच खिशातून जातो. हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच ठरवलेलं आहे. दाव्याच्या अर्जात दंडाची मागणी स्वतंत्रपणे लिहिली नाही तर पुष्कळदा ती राहूनच जाते.

घोडं कुठे अडलं

कलम ३ चे शब्द असे : अपघात ‘नोकरीतून उद्भवलेला आणि नोकरीच्या ओघात घडलेला’ हवा. दोन अटी, मध्ये ‘आणि’. यंत्रात हात गेला तर दोन्ही उघडच पूर्ण होतात. वाटेत अपघात झाला की दोन्हींवर बोट ठेवता येतं : रस्ता सगळ्यांचा, वाहन स्वतःचं, आणि कामाला सुरुवातही झालेली नाही. आयुक्तांनी हा आक्षेप मानला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने १ डिसेंबर २०११ रोजी तो मानला आणि निवाडा रद्द केला.

उच्च न्यायालयाने हे मनाने केलं नाही, त्यामागे जुने निकाल उभे होते. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सौराष्ट्रातल्या एका मिठागराच्या कामगारांचं प्रकरण आलं होतं. खाडी ओलांडताना सार्वजनिक होडी उलटली आणि कामगार बुडाले. भरपाई नाकारली गेली, कारण होडीत ते कामगार म्हणून नव्हे, चारचौघांसारखे प्रवासी म्हणून बसले होते. त्याच निकालात मात्र एक तत्त्वही मान्य झालं : कामाची जागा भिंतीपाशीच संपते असं नाही, थोडी मागेपुढे ती ‘विस्तारलेली’ मानता येते. किती मागेपुढे, हे प्रत्येक प्रकरणात पाहायचं.

तो विस्तार किती लांब जाऊ शकतो हे मुंबईच्या एका प्रकरणात दिसलं. बेस्टचा एक चालक ड्युटी संपवून जोगेश्वरी डेपोतून दुसऱ्या बेस्ट बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. त्या बसला अपघात झाला. चालकांना बसमधून फुकट प्रवासाची सोय होती. वेळेवर येणंजाणं व्हावं आणि सेवा नीट चालावी म्हणूनच ती दिलेली होती. त्यामुळे १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरी जाण्याचा तो प्रवासही नोकरीचाच भाग धरला. उलट टोकाचा निकाल १९९६ चा, केरळातला. कामगार सायकलवर होता, कारखाना किलोमीटरभर दूर, पाळी साडेचारची आणि ट्रकने धडक दिली सव्वाचारला. त्याला ईएसआयचा लाभ नाकारला गेला. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असतं तर हाच माणूस ‘कामावर’ ठरला असता.

या निकालाचं टोचणं संसदेला जाणवलं असावं. १ जून २०१० पासून ईएसआय कायद्यात कलम ५१-ई आलं : घरून कामाच्या ठिकाणी जाताना किंवा काम संपवून घरी परतताना झालेला अपघात नोकरीतलाच मानला जाईल, मात्र अपघाताची परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाला पाहिजे. अडचण अशी की हे कलम ईएसआय कायद्यात आलं, १९२३ च्या कायद्यात नाही. आणि आलं ते २०१० मध्ये. आपला वॉचमन गेला होता २००३ मध्ये.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या दोन्ही गाठी सोडवल्या. न्या. मनोज मिश्रा आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने म्हटलं की दोन्ही कायदे एकाच कुळातले आहेत. दोन्हींचा हेतू कामगाराला संरक्षण देण्याचा आहे आणि दोन्हींत ‘नोकरीतून उद्भवलेला आणि नोकरीच्या ओघात घडलेला’ हे शब्दही तेच आहेत. एकाच शब्दांना दोन अर्थ कसे देणार? म्हणून ५१-ई चा अर्थ १९२३ च्या कायद्याच्या कलम ३ मध्येही वाचायचा. दुसरी गाठ काळाची. ५१-ई ने नवा हक्क निर्माण केलेला नाही, आधीपासून असलेला संभ्रम दूर केला आहे. खुलासा करणारी तरतूद मागच्या काळालाही लागू होते. आयुक्तांचा २००९ चा निवाडा पुन्हा उभा राहिला.

आमच्या मते या निकालाचा सर्वांत मोलाचा भाग तत्त्वात नाही, तथ्य वाचण्याच्या पद्धतीत आहे. पहाटे तीनच्या पाळीचा वॉचमन त्या अवेळी कारखान्याच्या वाटेवर दुसऱ्या कशासाठी असेल? वेळ, जागा आणि दिशा तिन्ही नोकरीकडेच बोट दाखवत होती. म्हणून संबंध सिद्ध झाला. सकाळी दहाला बाजारपेठेतल्या चौकात अपघात झाला असता तर हेच सिद्ध करायला जास्त कागद लागले असते.

मग कागद कोणते

निकाल हाती असला तरी संबंध सिद्ध करण्याचं ओझं कुटुंबावरच आहे, आणि पुरावा पहिल्या पंधरवड्यात जमला नाही तर नंतर सहसा जमत नाही.

पहिला कागद पाळीचा तक्ता किंवा हजेरीबुक, त्या आठवड्याचं. मृत्यूच्या दिवशी हजेरी लागलेलीच नसते, कारण माणूस पोचलाच नाही. विरोधी बाजू याच रिकाम्या रकान्यावर बोट ठेवते. म्हणून आदल्या पाच-सहा दिवसांची हजेरी हवी, म्हणजे त्या दिवशीही तीच पाळी होती हे दिसतं. सर्वांत भक्कम साक्षीदार म्हणजे आधीच्या पाळीचा माणूस, जो बदली यायची वाट पाहत थांबला होता. ‘तीन वाजले, हा आला नाही, मी फोन लावला’ हे त्याचं एक वाक्य पाच कागदांना पुरून उरतं. फोनवरच्या कॉलची नोंद लगेच जपून ठेवावी.

पोलिसांच्या कागदांत सर्वाधिक घोळ वेळेचा होतो. फिर्यादीत घटनेची वेळ आणि पोलिसांना खबर मिळाल्याची वेळ असे दोन वेगळे रकाने असतात. अपघात पहाटे अडीचचा, कोणाच्या नजरेस पडला साडेपाचला, ठाण्यात नोंद आठला. आणि घाईत दोन्ही रकान्यांत आठच लिहिलं जातं. मग पाळी सुरू झाल्यावर पाच तासांनी हा रस्त्यावर काय करत होता, असा प्रश्न उभा राहतो. फिर्याद देणाऱ्याने सही करण्याआधी हे दोन आकडे वाचावेत. घटनास्थळ पंचनाम्यात वाहनाचं तोंड कोणत्या दिशेला होतं आणि ते कारखान्याकडे जाणाऱ्या वाटेवर होतं, हे यायला हवं. अंगावर गणवेश, ओळखपत्र, जेवणाचा डबा, बॅटरी असेल तर त्याची नोंद मरणोत्तर पंचनाम्यात व्हावी. डब्याची नोंद क्षुल्लक वाटते; माणूस कामावरच निघाला होता हे दाखवणारी तीच पुढे उपयोगी पडते.

याशिवाय शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला, पगारासाठी पावत्या किंवा बँकेचं पासबुक. वयात एका वर्षाचा फरक पडला तरी गुणक बदलतो आणि पन्नाशीच्या आसपास १५,००० च्या मर्यादेवर रक्कम सुमारे पंचवीस हजारांनी हलते.

वाट वाकडी केली असेल तर काय, हा प्रश्न हमखास येतो. वाटेत पेट्रोल भरायला थांबणं वेगळं आणि नातेवाइकाच्या लग्नाला जाऊन तिथून निघणं वेगळं. कायद्यात ‘राहत्या घरून’ आणि ‘कामाच्या ठिकाणी’ असे शब्द आहेत. वळसा जितका मोठा आणि खासगी, तितका धागा कच्चा. इथे कुटुंबाला खोटी आशा दाखवू नये.

दावा लावताना चुकणाऱ्या गोष्टी

मुदत दोन वर्षांची. पुरेसं कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात, पण त्यावर विसंबू नये. दावा अपघात जिथे झाला तिथे, आश्रित जिथे राहतात तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथे लावता येतो. बीडहून कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात कामाला गेलेल्या माणसाची पत्नी आपल्या गावच्या जिल्ह्यात दावा लावू शकते. ही सोय कायद्यात आहे. तरी पहिली चक्कर बहुतेकांना दूरच्या जिल्ह्यात मारावी लागते.

आश्रित कोण? विधवा, अज्ञान मुलगे, अविवाहित मुली आणि विधवा आई हे थेट आश्रित. इतर नात्यांना मृताच्या कमाईवर अवलंबून होतो हे दाखवावं लागतं. सगळ्यांची नावं एकाच अर्जात घालावीत. कोणाला किती हे आयुक्त ठरवतात. अज्ञान मुलांचा वाटा सहसा बँकेत मुदत ठेवीत जातो.

मालकाने घरी येऊन लाखभर रुपये दिले आणि कोऱ्या किंवा छापील कागदावर ‘आता काही मागणं नाही’ अशी सही घेतली, हे दृश्य ओळखीचं आहे. कलम ८ प्रमाणे मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई धरली जात नाही; आगाऊ रक्कम म्हणून तीन महिन्यांच्या पगाराइतकीच वळती होऊ शकते. हक्क सोडल्याचा करार कलम १७ ने रद्दबातल आहे. सही झाली असली तरी दावा लावता येतो. अंत्यविधीचे किमान ५,००० रुपये वेगळे.

मालक गप्प बसला तर आयुक्त स्वतः त्याला नोटीस काढून मृत्यूबद्दल तीस दिवसांत निवेदन मागू शकतात. त्यासाठी मृत्यूची खबर त्यांच्यापर्यंत पोचायला हवी. साधा लेखी अर्जही पुरतो.

ठेकेदाराच्या वॉचमनबद्दल एक बारकावा आहे, तो दाव्यातच बिघाड करू शकतो. ठेकेदाराच्या कामगाराला अपघात झाला तर कलम १२ प्रमाणे मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. पण त्याच कलमाची चौथी पोटकलम सांगते की अपघात मूळ मालकाच्या कामाच्या आवारात किंवा आसपास झालेला नसेल तर हे कलम लागू होत नाही. वाटेतला अपघात नेमका इथे अडकतो. म्हणून अशा दाव्यात ठेकेदाराला पहिला प्रतिवादी करावं आणि मूळ मालकालाही जोडावं. फक्त कारखान्याविरुद्ध लावलेला दावा या एका पोटकलमावर आपटू शकतो.

शेवटी एक निवड असते आणि ती वकील न विचारताच करून टाकतात. अपघातात दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही जाता येतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १६७ दोन्हींपैकी एकच वाट धरू देतं. न्यायाधिकरणात पगारावर कमाल मर्यादा नाही, भविष्यातली वाढही धरली जाते, त्यामुळे रक्कम साधारण मोठी निघते. पण समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते आणि १ एप्रिल २०२२ पासून अर्जाची मुदत सहा महिन्यांची आहे. गाडी स्वतःच घसरली, जनावर आडवं आलं किंवा धडक देणारं वाहन सापडलंच नाही, तर १९२३ च्या कायद्याची वाट बरी. मोटारसायकलवरच्या एकट्या माणसाच्या पहाटेच्या अपघातांत पुष्कळदा असंच घडलेलं असतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे. घर आणि कामाचं ठिकाण यांच्या दरम्यानचा अपघात नोकरीतलाच मानण्याची तरतूद आता तिच्यातच आहे. त्या तारखेनंतरच्या अपघातांत संहितेची कलमं पाहावीत. वर दिलेले कलम क्रमांक १९२३ च्या कायद्याचे आहेत आणि आधीच्या अपघातांना तेच लागतात. असे दावे अजून आयुक्तांपुढे आणि उच्च न्यायालयांत पडून आहेत. ‘वाटेत झाला’ एवढ्याच कारणाने ज्यांचा दावा फेटाळला गेला आणि ज्यांचं अपील अजून चालू आहे, त्यांनी २९ जुलै २०२५ च्या निकालाची प्रत पुढच्याच तारखेला दाखल करावी.